जपानी शिकणाऱ्या मुलांना इतिहासाचीही वाट सांगा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

'जपानी शिकून पुढे काय?' या प्रश्नावरचा लेख आपल्या करिअर पुरवणीत आला होता. माझ्या भाचीने तो मला पाठवला. दुभाषे, भाषांतरकार, सॉफ्टवेअर कंपन्या, मोटारींचे कारखाने, वृद्धांची शुश्रूषा असे बरेच मार्ग त्यात नीट सांगितले आहेत आणि मुलांना त्यांचा उपयोग होईलच. पण दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे त्या लेखात इतिहासाचं नावही नाही. दुसरी म्हणजे जपानी स्वभावाची ओळख करून देताना ओघात म्हटलं आहे की हा समाज आपली बेटं सोडून सहसा बाहेर पडला नाही. मी योकोहामाजवळच्या एका विद्यापीठात इतिहास शिकवते. जपानचं साम्राज्य आणि त्या काळात देशाबाहेर गेलेली माणसं हा माझा विषय. म्हणजे जी माणसं सहसा बाहेर पडली नाहीत असं लेखात म्हटलं आहे, त्यांच्याच मागावर माझं सारं आयुष्य गेलं. म्हणून हे पत्र. ते थोडं लांबेल, पण शक्य तितकं पूर्ण छापावं ही विनंती.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरण गेला, तेव्हा ६५ लाखांच्या आसपास जपानी माणसं देशाबाहेर होती. त्यांतले साधारण निम्मे सैनिक. बाकीचे शेतकरी, शिक्षक, रेल्वेचे नोकर, दुकानदार, त्यांच्या बायका आणि मुलं. कोरियात सात लाखांवर, तैवानमध्ये तीन लाखांवर, मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्य भागात, पंधरा लाखांच्या घरात. दक्षिण साखालिन म्हणजे तेव्हाचं काराफुतो आणि सायपान, पलाऊसारखी प्रशांत महासागरातली बेटं वेगळीच. शिवाय हवाई, कॅलिफोर्निया, पेरू, ब्राझील इथे जाऊन स्थायिक झालेले लोक होते, ते तर या हिशेबात धरलेलेच नाहीत. इतका मोठा समाज सत्तर-पंचाहत्तर वर्षांत घराबाहेर पडला आणि त्यातला बराचसा एक-दोन वर्षांत परत आणला गेला. क्योतो प्रांतातल्या माइझुरु या एकाच बंदरात १९५८ पर्यंत साडेसहा लाखांहून अधिक माणसं उतरली.

सुरुवात १८६८ ची धरतात. मेइजी सम्राटाच्या राजवटीच्या त्या पहिल्या वर्षी दीडशेच्या आसपास मजूर सरकारी परवान्याशिवाय जहाजाने हवाईच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. १८८५ पासून सरकारनेच करार करून माणसं पाठवायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा वर्षांत सुमारे २९ हजार लोक गेले, त्यांत हिरोशिमा आणि यामागुचीचे सर्वाधिक. १८९९ मध्ये पेरू. १९०८ च्या एप्रिलमध्ये कोबेहून 'कासातो मारू' निघाली आणि १८ जूनला ब्राझीलच्या सांतोस बंदराला लागली. तिच्यावर कॉफीच्या मळ्यांसाठी करार केलेली ७८१ माणसं होती. करारावर परदेशी मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांची, म्हणजे गिरमिटियांची, हकिगत ज्यांनी वाचली आहे, त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. दलाल, आगाऊ रक्कम, न परवडणारा करार, मळ्यातून पळालेली कुटुंबं, सगळं तसंच.

मी या विषयात आले ती याच वाटेने. पुण्यात जपानी शिकले, जपान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, आणि ब्राझीलला गेलेल्या मजुरांवर प्रबंध लिहायचा असं ठरवून तोक्योला पोहोचले. गरिबांची, राबणाऱ्यांची बाजू मांडायची, हे मनात पक्कं होतं. आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकांनी, आराखडा वाचला. मी नागानो प्रांत निवडला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "या गावांतले बाकीचे लोक कुठे गेले?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यातच माझी पुढची वर्षं गेली, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

नागानो हा डोंगराळ प्रांत. समुद्र नाही, भातशेती तुटपुंजी, पण घराघरात रेशमाचे किडे. इथलं रेशीम अमेरिकेला जाई. १९२२ मध्ये या प्रांतात 'शिनानो काइगाइ क्योकाइ' म्हणजे नागानोकरांची परदेशगमन संस्था निघाली. तिने १९२४ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात जमीन घेऊन आलियांसा नावाची वस्ती वसवली. मजूर म्हणून जायचं नाही, जमिनीचे मालक म्हणून जायचं, ही तिची प्रतिज्ञा. तिचं मासिक मी वाचनालयात अंकामागून अंक काढून वाचलं आहे. त्यात नव्या जमिनीचे फोटो, कॉफीची झाडं, टोप्या घातलेले पुरुष, पाळणे, शाळा आणि पानोपानी गावच्या तरुणांना हाक.

त्याच वर्षी अमेरिकेने नवा कायदा करून जपान्यांना दार बंद केलं. ओघ ब्राझीलकडे वळला, आणि सरकारही आता प्रवासखर्च देऊ लागलं. १९२८ मध्ये कोबेच्या टेकडीवर निघण्यापूर्वी राहण्यासाठी सरकारी इमारत उभी राहिली. ती अजून आहे. १९३३ आणि १९३४ या दोन्ही वर्षांत ब्राझीलला गेलेल्यांचा आकडा वीस हजारांच्या वर होता. मग १९३४ च्या राज्यघटनेत ब्राझीलनेही संख्येवर मर्यादा घातली. इकडे १९२९ च्या मंदीनंतर रेशमाचा भाव कोसळला होता आणि नागानोतली गावं कर्जात बुडाली होती. १९३२ मध्ये जपानी सैन्याने मांचुरियात मांचुकुओ नावाचं राज्य उभं केलं. १९३६ मध्ये पंतप्रधान हिरोता यांच्या मंत्रिमंडळाने वीस वर्षांत दहा लाख शेतकरी कुटुंबं, म्हणजे पन्नास लाख माणसं, मांचुरियात पाठवण्याची योजना राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारली.

ज्यांनी ब्राझीलसाठी माणसं गोळा केली होती, त्यांच्यापैकी बरेच जण आता मांचुरियासाठी माणसं गोळा करू लागले. संघटना त्याच, व्याख्यानांचे दौरे तेच, 'नवी जमीन' हा शब्दही तोच. ओहिनाता नावाच्या गावाने तर गावाचे दोन भाग करून एक भाग मांचुरियात पाठवला आणि त्याचा देशभर गाजावाजा झाला. १९३८ पासून कोवळ्या मुलांचीही भरती सुरू झाली. शाळेतल्या शिक्षकांवर मुलं देण्याचं उद्दिष्ट लादलं गेलं. अशी ८६ हजारांच्या आसपास मुलं गेली. मांचुरियात गेलेल्या शेतकरी वसाहतवाल्यांची एकूण संख्या सुमारे २ लाख ७० हजार. त्यांत सर्वांत जास्त, ३३ हजारांच्या घरात, नागानोची.

आणि ती जमीन? 'ओसाड जमीन' असं प्रचारपत्रकांत लिहिलेलं असे. प्रत्यक्षात तिच्यातला मोठा भाग चिनी आणि कोरियन शेतकऱ्यांनी कसलेला होता. वसाहत कंपनीने तो पडेल भावात, बंदुकीच्या धाकात घेतला. पूर्वीचे मालक आपल्याच शेतात मजूर म्हणून राबू लागले. ब्राझीलमध्ये जो नागानोकर मळेवाल्याच्या शिट्टीवर उठत होता, त्याचा चुलतभाऊ मांचुरियात दुसऱ्याच्या घरात राहत होता. एक शोषित, दुसरा शोषक, अशी वाटणी करून एकालाच जवळ घेणं मला तिथून पुढे जमलं नाही. दोघे एकाच कर्जबाजारी अंगणातून निघाले होते.

९ ऑगस्ट १९४५ ला सोव्हिएत फौजा सीमा ओलांडून आल्या. वस्त्यांतले धडधाकट पुरुष त्याआधीच सैन्यात ओढले गेले होते. मागे उरल्या बायका, म्हातारे, मुलं. शेतकरी वसाहतवाल्यांपैकी ८० हजारांच्या आसपास माणसं पळापळीत, सामुदायिक आत्महत्यांत, थंडीत, उपासमारीत आणि रोगराईत मेली. कित्येक मुलं चिनी कुटुंबांनी वाढवली. ज्या समाजाच्या जमिनी गेल्या होत्या, त्याच समाजातले हे लोक. १९७२ मध्ये दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जुळले, आणि १९८१ पासून ही मुलं, तोवर चाळिशी गाठत आलेली, आपले आईबाप शोधायला जपानला येऊ लागली.

आता या एकाच गोष्टीचे अभ्यासात तुकडे कसे पडले, ते सांगते. परराष्ट्र मंत्रालयाचं अभिलेखागार तोक्योत अझाबुदाइला आहे. तिथे मेइजी काळापासूनच्या पासपोर्ट-वाटपाच्या नोंदी आहेत. माणसाचं नाव, मूळ गाव, वय, जाण्याचा हेतू. ब्राझीलला गेलेला नागानोचा शेतकरी तिथे सापडतो. पण कोरिया जपानने आपल्या राज्यात सामील केल्यानंतर तिथे जायला जपानी माणसाला पासपोर्ट लागत नसे, मांचुरियाला जायलाही लागत नसे. त्यामुळे पासपोर्टच्या नोंदींवर भरवसा ठेवणारा संशोधक साम्राज्यात गेलेल्या भावाला कधी भेटतच नाही. वसाहतींचा अभ्यास करणारा मात्र तिथल्या जपानी गव्हर्नर जनरलच्या कचेरीची कागदपत्रं वाचतो. त्याला ब्राझीलच्या भावाशी कर्तव्य नसतं. अमेरिकेत तर यांचे विभागही निराळे. हवाई-कॅलिफोर्नियाचे जपानी अमेरिकी वांशिक इतिहासात, कोरिया-मांचुरियाचे जपानी पूर्व आशियाच्या इतिहासात. संग्रहालयांतही तेच दिसतं. योकोहामाच्या बंदरावर २००२ मध्ये उघडलेल्या परदेशगमन संग्रहालयात मुख्य भर हवाई आणि दोन्ही अमेरिकांवर आहे. नागानोतल्या आची गावात २०१३ मध्ये उघडलेलं संग्रहालय फक्त मांचुरियाचं. माझ्या विद्यार्थ्यांना मी दोन्ही ठिकाणी नेते, आणि दोन्हीकडे मूळ गावांची नावं टिपून घ्यायला सांगते.

तेव्हाच्या सरकारच्या मनात मात्र असे कप्पे नव्हते. १९२९ मध्ये ताकुमुशो म्हणजे वसाहत मंत्रालय स्थापन झालं. कोरिया, तैवान, काराफुतो आणि दक्षिण समुद्रातली बेटं त्याच्या अखत्यारीत आली आणि ब्राझीलसारख्या परक्या देशांत माणसं पाठवण्याचं कामही त्याच्याकडेच आलं. साम्राज्य आणि स्थलांतर एकाच छताखाली होतं, याचा याहून साधा पुरावा मला ठाऊक नाही.

विद्यापीठातही एकेकाळी ते एकच होतं. सप्पोरो कृषी महाविद्यालयात वसाहतशास्त्र शिकवलं जाई, आणि तेही उत्तरेच्या होक्काइदो बेटावर, जिथे मूळ रहिवासी आयनू लोकांच्या भूमीवर जपानी शेतकरी वसवले जात होते. तिथेच शिकलेले नितोबे इनाझो तैवानच्या साखर उद्योगाचे सल्लागार झाले आणि पुढे तोक्यो विद्यापीठात वसाहत-धोरण शिकवू लागले. राष्ट्रसंघात कामाला गेल्यावर त्यांची जागा यानाइहारा तादाओ यांच्याकडे आली. या यानाइहारांविषयी मराठीत कोणी तरी सविस्तर लिहायला हवं. १९२६ मध्ये त्यांनी वसाहतीची व्याख्याच बदलली. झेंडा कोणाचा आहे हे गौण, एखादा समाजगट नव्या भूमीवर जाऊन राहतो, कसतो, व्यवहार करतो, ही त्यांच्या लेखी वसाहतीची मूळ क्रिया. या व्याख्येत ब्राझील आणि कोरिया शेजारी शेजारी बसतात. मला तिच्यात एक उणीवही दिसते. जमीन कोणाकडून घेतली आणि कोणाच्या बळावर, हे झेंड्यावरच ठरतं. ते गौण मानलं की तैवानमधला जपानी साखरवाला आणि ब्राझीलमधला जपानी मजूर यांतला फरक पुसट होतो. पण १९२९ मध्ये तैवानवर लिहिताना त्यांनी स्वतःच साखर कंपन्या आणि सरकार यांनी मिळून शेतकऱ्याला कसं जखडलं ते आकडेवारीनिशी मांडलं. हे पुस्तक तैवानमध्ये आणायला बंदी होती.

१९३२ मध्ये ते मांचुरियाला गेले, तेव्हा त्यांच्या आगगाडीवर हल्ला झाला होता. ते वाचले. १९३७ च्या जुलैमध्ये चीनशी युद्ध पेटल्यावर त्यांनी न्यायाची बाजू घेऊन राष्ट्राच्या आदर्शांवर लेख लिहिला, व्याख्यान दिलं. सहकाऱ्यांमधूनच त्यांच्याविरुद्ध आवाज उठला आणि डिसेंबरमध्ये त्यांना प्राध्यापकपद सोडावं लागलं. पराभवानंतर ते परत आले, १९५१ ते १९५७ या काळात तोक्यो विद्यापीठाचे कुलगुरू होते. पण वसाहत-धोरण हा विषय परत आला नाही. त्याचं नाव बदलून आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र झालं. साम्राज्य गेलं, तसा त्याचा अभ्यासही अभ्यासक्रमातून निघाला, आणि 'बाहेर गेलेले जपानी' हा विषय उरला तो कष्टाळू, सोशिक, यशस्वी स्थलांतरितांची कहाणी म्हणून. हे तुकडे पुन्हा जोडण्याचं काम गेल्या काही दशकांत जपान, कोरिया, तैवान आणि अमेरिकेतल्या इतिहासकारांनी मनापासून केलं आहे. त्यांच्याचमुळे माझ्यासारखीला उभं राहायला जागा मिळाली.

आता मुलांसाठी. हे काम करायचं तर नुसती परीक्षेतली जपानी पुरत नाही. शेवटची पातळी पार केली तरी १९०० सालचं पत्र वाचता येत नाही. हस्तलिखितं अक्षराला अक्षर जोडून झरझर लिहिलेल्या वळणाची असतात. आपल्याकडे जशी मोडी वेगळी शिकावी लागते, तशी ही लिपीही वर्षभर बसून शिकावी लागते. शिवाय पत्रांचं जुनं औपचारिक वळण निराळं. अर्धवट शिकलेला शेतकरीही त्याच ठरीव वळणात लिहितो, आणि मधेच एखाद्या ओळीत मुलीच्या आजारपणाचा उल्लेख करताना ते वळण सुटतं. ती ओळ ओळखायला सराव लागतो. त्याखेरीज ब्राझील हवं असेल तर पोर्तुगीज आणि कोरिया हवा असेल तर कोरियन हवंच. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या भाषेतला कागद न वाचता लिहिलेला वसाहतीचा इतिहास मी माझ्या विद्यार्थ्यांकडून स्वीकारत नाही.

कागदांचंही सांगायला हवं. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागती आणि अमेरिकी सैन्य येणं यांच्या मधल्या दिवसांत सरकारी कचेऱ्यांच्या अंगणांत फायली जाळल्या गेल्या. जे उरलं, त्यातला परराष्ट्र मंत्रालयाचा मोठा भाग अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने दोन हजारांहून अधिक मायक्रोफिल्म रिळांवर उतरवून घेतला. तैवानच्या गव्हर्नर जनरलच्या कचेरीचे कागद मात्र मोठ्या प्रमाणावर वाचले. ते आज तैवानमध्ये नान्तोला आहेत. जळालेल्या जागा कशाने भरायच्या, हा प्रश्न प्रत्येकाला स्वतःच सोडवावा लागतो. कोणी गावच्या नोंदी शोधतं, कोणी देवळाच्या वह्या, कोणी वर्तमानपत्रं.

आणि जागेवर जावं लागतं. तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर ह्वालिएनजवळ एक जपानी देऊळ जपून ठेवलं आहे. पर्यटक तिथे भाड्याचे किमोनो घालून फोटो काढतात. १९१० पासून तिथे योशिनो नावाचं जपानी शेतकऱ्यांचं गाव होतं, तोकुशिमा प्रांतातून आलेल्यांचं, तिथल्या योशिनो नदीच्या नावाचं. ती जमीन तैवानच्या मूळ रहिवासी आमिस लोकांच्या चिकासुआन गावाची. १९०८ मध्ये त्यांनी बंड केलं, ते मोडून काढलं गेलं, माणसं हाकलली गेली, आणि दोन वर्षांत तिथे जपानी शेतं आली. देवळाच्या आवारात उभं राहून मी विद्यार्थ्यांना प्रथम हे सांगते. मग तोकुशिमाच्या शेतकऱ्यांचा हिवताप, वादळं, वाहून गेलेली पिकं सांगते. दोन्ही सांगितल्याशिवाय तिथून निघायचं नाही, हा आमचा नियम आहे.

माणसांशी बोलणं त्याहून अवघड. गिफू प्रांतातल्या कुरोकावा गावची वस्ती मांचुरियात होती. पराभवानंतर टोळ्यांच्या हल्ल्यांत वस्ती वाचावी म्हणून तिथल्या पुढाऱ्यांनी सोव्हिएत सैनिकांचं संरक्षण मागितलं, आणि त्या बदल्यात सुमारे पंधरा अविवाहित मुली त्यांच्या हवाली केल्या. काही तिथेच मेल्या. परतलेल्यांना गावाने मान दिला नाही. १९८२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक मूर्ती उभी राहिली, पण कशासाठी हे तिच्यावर लिहिलं नव्हतं. २०१३ मध्ये त्यांतल्या काही जणी म्हातारपणी जाहीरपणे बोलल्या आणि २०१८ मध्ये मूर्तीशेजारी सगळी हकिगत लिहिलेला फलक लागला. वेळ किती लागतो ते यावरून दिसतं. टेपरेकॉर्डर घेऊन गेलेल्या संशोधकाने घाई करू नये. एक आजी माझ्याशी कितीतरी भेटींत फक्त लोणची आणि हवामान यांवर बोलल्या. त्या काय सांगत नाहीत, हे मला कळत होतं. मी विचारलं नाही, आणि आजही ते बरोबरच वाटतं.

पोटापाण्याविषयीही खरं सांगायला हवं, नाहीतर हे पत्र अपुरं राहील. डॉक्टरेटनंतर लगेच कायमची नोकरी मिळेल असं समजून कोणी येऊ नये. मी बरीच वर्षं तासिकांवर शिकवलं. सकाळी एका शहरात, दुपारी दुसऱ्या, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार नाही. मग मुदतीच्या जागा. इथल्या कायद्याने २०१३ पासून सलग पाच वर्षं कराराने काम केलेल्या माणसाला बिनमुदत करार मागता येतो; संशोधकांसाठी मात्र ही मुदत दहा वर्षांची ठेवली. दहा वर्षं भरण्याआधीच करार संपवणाऱ्या संस्था आहेत. मला एका ठिकाणाहून तसंच जावं लागलं होतं, आणि त्या वर्षी घरातल्या पुस्तकांच्या खोक्यांवरच मी पुढचा लेख लिहिला. परदेशी बाईने साम्राज्याच्या जुन्या जखमा का उकरून काढाव्यात, हा प्रश्नही मला मुलाखतीत विचारला गेला आहे. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं की तुमच्याच गावांतल्या बायकांनी मला या गोष्टी दाखवल्या आहेत.

तरीही मी या वाटेला मुलांना बोलावते. आजचा जपान समजून घ्यायचा असेल तर या इतिहासाला पर्याय नाही. १९४५ मध्ये जपानमध्ये वीस लाखांच्या आसपास कोरियन होते. जेजू बेटावरून ओसाकाला येणाऱ्या बोटींनी आलेली कुटुंबं त्यांत पुष्कळ. २८ एप्रिल १९५२ ला, सान फ्रान्सिस्को करार अमलात आला त्या दिवशी, जपानमध्ये राहिलेल्या कोरियनांचं जपानी नागरिकत्व एका परिपत्रकाने गेलं. १९९० मध्ये कायदा बदलून ब्राझीलमधल्या जपानी वंशाच्या नातवंडांना कामासाठी येऊ दिलं, आणि हामामात्सुच्या कारखान्यांत पोर्तुगीज ऐकू येऊ लागली. माझ्या वर्गात अशाच एका कुटुंबातली मुलगी होती. नागानोकरांच्या मांचुरियातल्या वस्तीच्या यादीत तिने पणजोबांच्या भावाचं नाव शोधून काढलं. घरात त्यांच्याविषयी कोणी कधी बोललं नव्हतं. आणि आज शुश्रूषेच्या, कारखान्याच्या कामासाठी भारतातून, व्हिएतनाममधून, नेपाळमधून तरुण येत आहेत. आपल्या पुरवणीने ज्या नोकऱ्यांची माहिती दिली, त्या नोकऱ्यांमागे माणसांची भरती, दलाली आणि करार यांची दीडशे वर्षांची सवय आहे.

सुरुवात करायला जपानला यावंच लागतं असंही नाही. राष्ट्रीय अभिलेखागार, परराष्ट्र मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय यांच्याकडचे १९४५ पर्यंतचे लाखो कागद 'जाकार' या सरकारी केंद्राने २००१ पासून इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. जपानी वाचू शकणारा कुणीही घरबसल्या ते उघडू शकतो. पहिला शोध एखाद्या बंदराच्या किंवा जहाजाच्या नावाने घ्यावा. पुढच्या शिक्षणासाठी जपानी दूतावासामार्फत मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती आहे, आणि तिच्यासाठी इतिहासाचे अर्ज फार थोडे येतात.

एक विषय तर मराठी मुलांची वाट पाहतो आहे, असं मला फार दिवस वाटतं. १८९४ मध्ये तीनशेच्या आसपास जपानी मजूर फिजीच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. तिथे तेव्हा भारतातून गेलेले गिरमिटिये राबत होते. जपान्यांपैकी पुष्कळ जण वर्षभरात बेरीबेरीने मेले, उरलेल्यांना परत पाठवावं लागलं. दोन्ही देशांची माणसं एकाच मळ्यावर, एकाच काळात. जपानी कागद आणि आपल्याकडचे कागद दोन्ही वाचू शकणारं कोणी तरी हवं आहे. मला आता सगळं हाती घेणं होणार नाही, पण त्या विषयावरची माझी टिपणं मी आनंदाने देईन. कोणी विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी विचारणा करील, तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे, तो कृपया त्यांना द्यावा. आणि करिअर पुरवणीत पुन्हा जपानीचा विषय निघाला, तर या कामालाही त्यात थोडी जागा मिळावी.

आपली,
इतिहासाची एक अध्यापिका, योकोहामा